जागल्या

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरच्या इतवारीत उभं राहिलं की आधी ढोल ऐकू येतो. मग माणसांच्या डोक्यांवरून मारबतीच्या पुतळ्याचा चेहरा झुलत येतो. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. लहानपणी आई मला कडेवर घेऊन सांगायची, "खोकला, रोगराई, इडापिडा सगळं घेऊन जा म्हण." मी म्हणायचे. रोग बाहेरून येतो आणि मारबतीसोबत गावाबाहेर जातो, हे तेव्हा मनात पक्कं बसलं.

मग एका उन्हाळ्यात कोरडा खोकला लागला. कूलरच्या गारव्यानं असेल, असं वाटलं. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी गाठी सुजलेल्या दिसल्या. आपल्याकडे अशी छाया दिसली की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो यावाच. सहा महिने ती औषधं घेतली. खोकला जागचा हलला नाही. घरचा जिना चढताना मी मधल्या पायरीवर थांबू लागले. रक्त तपासलं, तर यकृताचे आकडेही वाढलेले.

शेवटी फुप्फुसात दुर्बीण घालून तुकडा काढला. डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला. शरीराच्या रक्षक पेशी एकमेकींना चिकटून अशी गाठ बांधतात, भोवती लिम्फोसाइट पेशींचा वेढा पडतो. क्षयाच्या गाठीचा गाभा बहुधा कुजतो, आत जंतू सापडू शकतो. तुमच्या गाठीचा गाभा शाबूत आहे, जंतू कुठेच नाही. याला सार्कॉइडोसिस म्हणतात. यकृतातही अशाच गाठी असतात, बहुतेकदा मुक्या. १८९९ मध्ये नॉर्वेच्या सीझर बोएक यांनी त्वचेवरच्या अशा गाठींना 'सार्कॉइड', म्हणजे मांसासारखं, हे नाव दिलं. या गाठी कशामुळे बांधल्या जातात, ते कोडं अजून सुटलेलं नाही.

मी त्या गोलाकडे बघत राहिले. आजोळच्या गावात रात्री जागल्या काठी आपटत फिरायचा. त्याचा आवाज ऐकला की झोप लागायची. माझ्या आतला जागल्या चोर नसतानाही काठी आपटत होता, पहाट झाली तरी थांबत नव्हता. त्याला मारबतीसोबत कसं पाठवू? तो माझाच. माझ्या प्रत्येक तापात, प्रत्येक जखमेत तोच तर जागला होता.

त्याला शांत करायला प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुरू झाल्या. चेहरा सुजला, रात्री दोनला भूक लागायची. आई न बोलता उठायची, तव्यावर भाकरी गरम करायची. "एकदम सोडायच्या नाहीत गोळ्या, हळूहळू कमी करायच्या," डॉक्टरांनी बजावलं होतं. दर महिन्याला गोळी थोडी लहान होत गेली. जागलेल्या माणसाला असंच निजवावं लागतं, दिव्याची वात थोडी थोडी उतरवत. कित्येकांचा जागल्या औषधाविनाही निजतो. माझ्या जागल्याला वेळ लागला.

यंदा तान्ह्या पोळ्याला पुन्हा इतवारीत गेले. नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी समोरासमोर आल्या, गर्दी उसळली. आईनं सवयीनं माझा हात दाबला. माझ्यासाठी मागायचं काही उरलं नव्हतं. शेजारी कुणाच्या तरी खांद्यावर एक पोर खोकत होतं. त्याच्यासाठी मी मारबतीला हाक घातली, मोठ्यानं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत, एका दमात.