घरातली दुसरी भाषा

माझी सून ज्या हास्केल भाषेत प्रोग्राम लिहिते, ती भारी शिस्तीची. आकड्याच्या जागी अक्षर आलं, तर प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच अडवते. बर्कलेचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी ‘पॅनडॉक’ हे साधन याच भाषेत लिहिलं. एका साच्यातला मजकूर ते दुसऱ्या साच्यात नेतं. पण कुणाला आपल्यापुरता छोटा बदल हवा असेल, तर त्यानं अख्खी हास्केल शिकायची का? म्हणून पॅनडॉकच्या पोटातच ‘लुआ’ भाषेचा इंटरप्रिटर बसवलाय. म्हणजे दुभाषाच म्हणा ना. लुआ १९९३ साली ब्राझीलमध्ये, रिओच्या विद्यापीठात जन्मली. लहानखुरी, मोकळ्या स्वभावाची. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. गोव्याच्या जुन्या बायकांना हा शब्द ठाऊक असेल.

मी विचारलं, “अगं, मग हास्केलची शिस्त बिघडत नाही?”

“नाही हो आई. दोघींमध्ये उंबरठा आहे. लुआकडून आलेली वस्तू तिथं तपासायची, मापात बसली तर आत घ्यायची. नाही बसली, तर तिथंच चूक सांगायची.”

सून धारवाडची, कन्नड बोलणारी. नातू तिच्याशी कन्नडात बोलतो, तेव्हा आमच्या बेळगावच्या घरातली मराठी याच्यापाशीच संपेल की काय, अशी धाकधूक मला होते. पण तोच पोरगा माझ्याकडे वळला, की मराठीत भाकरी मागतो. उंबरठा त्याला कुणी शिकवला नाही. मराठी राखायची तर मी त्याच्याशी भरपूर मराठी बोलायचं. त्याच्या आईची भाषा बंद करून ती राहणार नाही.