शून्य म्हणजे ठणठणीत

मागे एका हॉस्पिटलसाठी स्ट्रोकच्या पेशंट्सची रजिस्ट्री लिहीत होतो. ९० दिवसांनी घरी फोन करून मॉडिफाइड रँकिन स्केलचा आकडा भरायचा. ० म्हणजे काहीच त्रास नाही, ५ म्हणजे अंथरुणाला खिळलेला, ६ म्हणजे गेला. कॉलमला मी सवयीने डिफॉल्ट ० देऊन टाकला (आपण सगळेच देतो हो!). पहिला रिपोर्ट काढला तर निम्मे पेशंट ठणठणीत! मी खूश. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "यातल्या कितीतरी जणांचा फॉलो-अप भरलेलाच नाहीये," म्हणाल्या.

डिफॉल्ट काढला. मग अख्खा शनिवार कागदी फॉर्म घेऊन एकेक ० तपासत बसलो. एका फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं: फोन मुलाने उचलला, आजोबा दिवाळीआधीच गेले.