पारंबीचा एक गुण

मैत्रिणींनो, वटपौर्णिमेला आपण दरवर्षी वडाला दोरा गुंडाळतो. पण त्याच्या त्या लोंबत्या पारंब्या म्हणजे नक्की काय, असा विचार तुमच्या मनात कधी आलाय का? माझ्या तरी आला नव्हता. आणि त्यापायी माझ्या हातून एका लहान मुलावर अन्याय झाला.

मी सकाळच्या वेळात एका शाळेत दुसरीला शिकवते. चाचणीत मी प्रश्न घातला होता : 'मुळे जमिनीखाली असतात. चूक की बरोबर?' सगळ्या वर्गाने 'बरोबर' लिहिलं, एकानेच 'चूक'. मी लाल फुली मारून मोकळी झाले. पेपर हातात पडल्यावर तो टेबलापाशी आला न् म्हणाला, "बाई, आमच्या घराजवळच्या वडाची मुळं वर लोंबतात."

अजून निम्म्या वर्गाचे पेपर वाटायचे होते. मी म्हटलं, "त्या पारंब्या. मुळं नव्हेत. पुस्तकात आहे तेच लिहायचं." तो गुपचूप जागेवर जाऊन बसला. त्यानंतर सुट्टी लागेपर्यंत त्याने एकदाही हात वर केला नाही.

दिवाळीत आम्ही ह्यांच्या आत्याकडे घोलवडला गेलो. विरारहून डहाणूची लोकल धरायची, पुढे रिक्षा. डहाणू सोडलं की चिकूच्या वाड्या सुरू होतात. गर्द सावली, खाली वाळक्या पानांचा सडा. इथल्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हे आत्याबाई येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात!

वाडीत नवी कलमं लावायची चालली होती. आत्याबाईंनी माझ्या मुलीला एका रोपाच्या बुंध्याशी बसवलं. "हा सांधा बघ. याच्या खाली खिरणी, वर चिकू." खिरणीच्या रोपावर चिकूची फांदी बांधून हे कलम करतात.

लेक म्हणाली, "मग झाड कुणाचं?"

"दोघांचं. खिरणीची मुळं पाणी ओढतात, खोड ते वर नेतं, चिकूची पानं उन्हात अन्न करतात न् त्यातलं खाली मुळांनाही धाडतात. पण सांध्याखाली फूट आली, तर ती लगेच खुडायची. नाहीतर खिरणीच वाढेल!"

मूळ, खोड, पान, फळ ही नावं मी फळ्यावर किती वेळा लिहिली असतील! पण 'मूळ पाणी शोषते' या वाक्यामागे दोन झाडांचा असा एक संसार उभा असू शकतो, हे मला त्या सांध्यापाशी बसल्यावर कळलं.

संध्याकाळी डहाणूच्या खाडीवर गेलो. ओहोटी होती. लेक ओरडली, "आई, चिखलातून पेन्सिली उगवल्यात!" खरंच, तिवराच्या झाडांभोवती शेकडो टोकं चिखलातून वर आलेली. आत्याबाई म्हणाल्या, "मुळं आहेत ती. या चिखलात हवा नसते, म्हणून नाक वर काढून श्वास घेतात."

माझ्या पोटात धस्स झालं. मी हळूच विचारलं, "आणि वडाची पारंबी?"

"अगं, तीही मूळच! फांदीतून सुटते, जमिनीला टेकली की खोडासारखी जाड होते न् फांदीला टेकू देते. तू बाई ना शाळेतली?"

दुसऱ्या दिवशी कोसबाडच्या टेकडीवर गेलो. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते पुढे या टेकडीवर आणलं. त्यांच्यामागे अनुताई वाघांनी ते अखेरपर्यंत चालवलं. इथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात, शाळेत येऊ शकत नसत. मग या बायकांनी शाळाच कुरणात नेली. तिचं नाव 'कुरणशाळा'. पानं, बिया, काटक्या हीच तिथली पाटी-पुस्तकं. टेकडीवर वारा छान होता, पण मला एकच गोष्ट टोचत होती. त्यांनी शाळा झाडापाशी नेली. माझ्याकडे एक मुलगा झाड वर्गात घेऊन आला होता, आणि मी त्याला परत पाठवलं.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी मी सगळा वर्ग त्या वडाखाली नेला. सर्वांसमोर म्हटलं, "पेपर तपासताना बाईंची चूक झाली. पारंबी हे मूळच आहे." आणि त्याच्या पेपरावरची फुली खोडून एक गुण वाढवला. तो हसला नाही. जरा वेळाने मात्र त्याचा हात वर आला. "बाई, मग बटाटा?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाला घोलवडला जायला नको. उद्या भाजीची पिशवी मुलांसमोरच रिकामी करा. मुळा, गाजर, बीट, रताळं ही मुळं. त्यांत झाड अन्न साठवून ठेवतं. बटाटा जमिनीखालचा खरा, पण ते खोड. त्याचे डोळे म्हणजे कोंब फुटायच्या जागा. आलंही खोडच. कांदा म्हणजे एकावर एक जाड झालेली पानं. फ्लॉवर म्हणजे फुलोरा. भेंडी चिरताना बिया दाखवा. ज्याच्या पोटात बी, ते फळ. देवाला आणलेली एक पांढरी शेवंती देठ तिरका कापून खाण्याच्या रंगाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पाकळ्यांवर रंग चढलेला दिसेल, न् खोडाचं काम मूल स्वतःच सांगेल.

आणि ते पुस्तकाबाहेरचं काही बोललं, तर हातातलं काम घटकाभर बाजूला ठेवा. मला त्या घटकेची किंमत फार उशिरा कळली.