पत्ता कोणाकडे ठेवायचा?

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात छोट्या कारखान्यांची इतकी दाटी आहे, की माझं निम्मं काम एका रिक्षाच्या अंतरात होतं. धंदा वाढला, ऑर्डरी ऑनलाइन येऊ लागल्या, की शेअर्ड होस्टिंग पुरेनासं होतं. मग मालक महापे-ऐरोलीकडच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये डेडिकेटेड सर्व्हर भाड्याने घेतो. रॅम किती, डिस्क कुठली, बॅकअप रोज की आठवड्याला, यावर महिनाभर खल होतो. डीएनएस कुठे ठेवायचं हा प्रश्न निघतो शेवटच्या दिवशी, चहा संपत आल्यावर. "त्यात काय सर, सर्व्हर आहे ना, त्याच्यावरच टाका!" माझं उत्तर ठरलेलं आहे. बाकी कुठेही ठेवू, फक्त तिथे नको.

डीएनएस म्हणजे नावावरून संगणकाचा पत्ता सांगणारी व्यवस्था. अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजाच्या काळात सगळ्या संगणकांची एकच यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये असे आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ती वाटून टाकायची पद्धत रचली. तुमचं डॉट इन नाव कोणी टाइप केलं, की विचारणा आधी मूळ सर्व्हरांकडे जाते. ते डॉट इनच्या सर्व्हरांकडे पाठवतात, त्यांचा कारभार निक्सी या संस्थेकडे. आणि ते तुमच्या नेमसर्व्हरांची, म्हणजे तुमच्या नोंदी सांगणाऱ्या सर्व्हरांची, नावं सांगतात. वरच्या दोन पायऱ्या जगभर पसरलेल्या आहेत; मूळ सर्व्हरांच्या प्रती मुंबईतही आहेत. त्यांची काळजी आपण करायची नाही. तिसरी पायरी मात्र आपण निवडतो, आणि घोळ होतो तो तिथेच.

नियम सांगतो की नेमसर्व्हर किमान दोन हवेत. सीपॅनेलसारखं कंट्रोल पॅनेल हा नियम मोठ्या चतुराईने पाळतं. एनएस वन, एनएस टू अशी दोन नावं, त्यांना दोन आयपी पत्ते, आणि दोन्ही पत्ते त्याच एका मशीनचे! कागदोपत्री दोन, प्रत्यक्षात एक. नेमसर्व्हर वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या नेटवर्कवर ठेवा, असं आरएफसी २१८२ या दस्तऐवजात १९९७ सालीच लिहून ठेवलंय. पण मोठ्यांनीही ते कुठे ऐकलं? जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे चारही नेमसर्व्हर एकाच नेटवर्कवर होते. राउटरच्या सेटिंगमधला एक बदल चुकला आणि कंपनीच्या साइट जवळजवळ दिवसभर सापडेनात. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊनंतर आपल्याकडे व्हॉट्सॲप गप्प झालं, तेही आठवत असेल. व्हॉट्सॲप फेसबुकचंच, आणि फेसबुकचे नेमसर्व्हर फेसबुकच्याच नेटवर्कमध्ये होते. डेटा सेंटरांशी संपर्क तुटल्याचं दिसताच त्यांनी आपल्याकडे येण्याचे मार्ग स्वतःच मागे घेतले. यंत्रं चालू होती, पण ती कुठे आहेत हे सांगणारं कोणी उरलं नाही. सुमारे सहा तास!

आपल्याकडे इतकं लांबचं उदाहरण लागत नाही. जुलै २०१८ चा पाऊस वसई-विरारमध्ये कोणी विसरलेलं नाही. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, महावितरणच्या उपकेंद्रात पाणी शिरलं आणि वीज गेली. वालीवच्या एका कारखान्याचा सर्व्हर तेव्हा ऑफिसातल्याच कपाटात होता. साइट बंद पडणार हे मालकांनी गृहीत धरलं होतं. त्यांना कोडं पडलं ते ईमेलचं. ईमेल तर बाहेरच्या मोठ्या कंपनीकडे होतं, त्या कंपनीचे सर्व्हर ठणठणीत होते, तरी नवा मेल येईना. कारण साधं होतं. ईमेल कुठे पोचवायचं ती एमएक्स नोंद सांगणारा नेमसर्व्हर त्याच बंद कपाटात होता. टीटीएल, म्हणजे एकदा मिळालेलं उत्तर बाहेरच्यांनी किती वेळ जपून ठेवायचं तो आकडा, ३६०० सेकंदांचा होता. म्हणून वीज गेल्यावरही तासभर मेल येत राहिले आणि मग थांबले. पाठवणाऱ्यांचे सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, त्यामुळे बरेचसे नंतर पोचले. पण तोवर ग्राहकांना वाटलं, कारखानाच बंद झाला.

डीएनएस बाहेर असतं, तर मोबाइलवरून एक नोंद बदलून 'पावसामुळे काम बंद, अमुक नंबरवर फोन करा' असं साधं पान दुसरीकडून दाखवता आलं असतं. सर्व्हर मेल्यावरच डीएनएसची खरी गरज पडते. दुकानाला आग लागली असताना 'आम्ही शेजारच्या गल्लीत आहोत' ही पाटी त्याच दुकानात अडकलेली असावी, तशी गत होते. डेटा सेंटरमध्ये जनरेटर असतात हे मान्य. पण डिस्क तिथेही जाते, हॅकर तिथेही शिरतो, भाडं थकलं की तिथेही प्लग काढतात.

स्वतःचं डीएनएस चालवूच नये असं मी म्हणत नाही. शेकडो डोमेन सांभाळणाऱ्याने मुख्य नेमसर्व्हर आपल्याकडे, जगापासून लपवून ठेवावा आणि जगाला उत्तरं देणारे दुय्यम सर्व्हर बाहेरच्यांकडे घ्यावेत. नोंदींची प्रत आपोआप तिकडे जाते. ही रचना देखणी आहे, मला स्वतःला आवडते. पण बाइंड हे नेमसर्व्हरचं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणारा माणूस पगारावर नसेल, तर तिच्या वाटेला जाऊ नये. भलत्यांच्या विचारणांना उत्तरं देणारा उघडा सर्व्हर दुसऱ्यांवरच्या हल्ल्यात वापरला जातो, आणि तक्रार तुमच्या नावाने येते.

रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन जिथे विकत घेतलं तिथे, डीएनएस बहुधा फुकट मिळतं आणि छोट्या साइटला पुरतं. तिथली अडचण तांत्रिक नाही. खातं कोणाच्या नावावर आहे, ही आहे. आमच्याकडे दर दोन-तीन गिऱ्हाइकांमागे एकाचं डोमेन वेबसाइट बनवणाऱ्या मुलाच्या ईमेलवर निघतं. आणि वसईचा मुलगा म्हटल्यावर तो आखातात नाहीतर कॅनडात गेलेला असतो. ओटीपी त्याच्या बंद पडलेल्या नंबरवर. मग त्याच्या आईकडे जा, नवा नंबर मिळवा, वेळेचं गणित जमवा. तो भला असतो म्हणून निभावतं. डोमेन कंपनीच्या नावावर, नूतनीकरणाची सूचना दोन माणसांना आणि खात्याला दुहेरी पडताळणी, एवढं तरी हवंच. मुदत विसरण्यात कमीपणा नाही म्हणा. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट, हॉटमेलचं लॉगिन ज्यावरून व्हायचं त्या पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायला विसरली होती आणि एका परक्या माणसाने ३५ डॉलर भरून हॉटमेलची वाट मोकळी केली.

राहिला तिसरा मार्ग, डीएनएस हाच धंदा असणाऱ्यांचा. क्लाउडफ्लेअर फुकट देते, ॲमेझॉनची रूट ५३ सेवा एका डोमेनच्या झोनला महिन्याला अर्धा डॉलर घेते. एकच पत्ता जगभरच्या अनेक केंद्रांतून उत्तर देतो, विरारच्या माणसाला उत्तर सहसा जवळच्या केंद्रातून मिळतं. तेही पडतात. २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन या डीएनएस कंपनीवर मिराय बॉटनेटने हल्ला केला, तेव्हा ट्विटरसकट अनेक साइट गायब झाल्या. २० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन नरक चतुर्दशीला, ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात त्यांच्याच स्वयंचलित यंत्रणेने एका सेवेची डीएनएस नोंद रिकामी करून टाकली आणि जगभरची ॲप्स बंद पडली. ज्याचा मिनिटामिनिटाला पैसा जातो, त्याने दोन कंपन्या घ्याव्यात. वालीवच्या कारखान्याला एक पुरते.

माझा कौल असा: डोमेन एका ठिकाणी, डीएनएस दुसऱ्या, सर्व्हर तिसऱ्या. तिघांचे पासवर्ड वेगळे. हलवताना एक दिवस आधी टीटीएल ३०० वर आणा. जुन्या नोंदी एकूण एक उतरवून घ्या, विशेषतः ईमेलच्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या लांबलचक नोंदी, कारण विसरतात त्याच. डीएनएससेक, म्हणजे नोंदींवर डिजिटल सही करायची सोय, चालू असेल तर रजिस्ट्रारकडची डीएस नोंद आधी काढा आणि तिचा टीटीएल संपेपर्यंत थांबा.

हे सगळं उद्या करा असं नाही. पण भाऊबीजेपर्यंत एवढं मात्र करा: तुमच्या डोमेनच्या खात्यावर ईमेल कोणाचं आहे आणि मुदत कधी संपते, ते पाहून ठेवा. ईमेल भलत्याचं निघालं, तर सणाच्या शुभेच्छा द्यायच्या निमित्ताने त्याला फोन करा आणि खातं आपल्या नावावर करून घ्या.