उकिरड्यापासून गोणीपर्यंत

अक्षय्य तृतीया जवळ आली की गेवराई-माजलगावकडच्या काळ्या रानांत उकिरडे उकरले जायचे. बैलगाडीनं शेणखताचे ढीग पडायचे. धनगरांचा कळप रानात बसला, तर बदल्यात धान्य द्यायचं. पुढं बाजरीत तूर, मटकी, हुलगा, कडेला अंबाडी. स्फुरद, जस्त, लोह ही नावं कुणाच्या तोंडी नव्हती. ‘रान दमलंय, खत घाला’ एवढंच म्हणायचे. उतारा कमीच यायचा. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्या माणसांसमोर त्या काळाचे फार गोडवे गाऊ नयेत.

तरी शेणखतात सगळंच थोडंथोडं असायचं, हे खरं. आता डीएपीची गोणी फुटते: 50 किलोत 9 किलो नत्र, 23 किलो स्फुरद. दरसाल तेच. स्फुरद साचत जातं आणि जस्ताची वाट अडते, कारण मुळांना जस्त आणून देणारी बुरशी भरपूर स्फुरदात नीट वाढतच नाही. त्यात आपली जमीन चुनखडीची, सामू आठाच्या वर. लोह मातीत भरपूर, पण विरघळत नाही. मग उसावर केवडा पडतो, सोयाबीनची कोवळी पानं पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या. दुकानदार सांगतो, ‘युरिया टाका.’ नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात. लोहाचं उलट, शेंड्याकडून. एवढी खूण ओळखली तरी गोणीचे पैसे वाचतात.

कपाशीचंही तसंच. 2002 मध्ये बीटीला परवानगी मिळाली आणि बोंडांचा भार वाढला. तो पेलताना नत्र, मॅग्नेशियम कमी पडलं की लाल्या येतो. वर पालाश जास्त झालं तर मॅग्नेशियम मुळाशीच मागं रेटलं जातं.

गंमत म्हणजे चीनमधल्या चुनखडी रानांत भुईमुगाशेजारी मका लावला, तर भुईमुगाचा पिवळेपणा कमी होतो, असं संशोधकांना आढळलं. तृणधान्याची मुळं लोह मोकळं करणारा रस सोडतात, त्यावर शेजारचं पीकही निभावतं. आपण मात्र मिश्रपीक मोडून सलग सोयाबीन धरलं.

गोठे रिकामे झालेत. गाड्याच्या गाड्या शेणखत आता कुठून येणार? निदान पेरणीआधी माती तपासून घ्या. स्फुरद भरपूर निघालं, तर डीएपीला हात आखडता घ्या. आणि झिंक सल्फेट डीएपीत कालवू नका; मिळेल तेवढ्या शेणखतात आठवडाभर मुरवून मगच रानात टाका.