अडीचशे मैलांवरचा वाणी



"तिकडे सगळं मिळतं ना रे?" हा प्रश्न भारतातून फोनवर हमखास येतो. लंडन-लेस्टरवाल्यांनी खुशाल हो म्हणावं. आम्ही राहतो लॉखिन्व्हरला, स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या खेड्यात. इन्व्हर्नेस इथून शंभरेक मैल. आमचं भरवशाचं देशी वाणसामान म्हणजे ग्लासगोचा पोलकशील्ड्स भाग, अडीचशे मैल! गावात कांदे-बटाटे, दूध, ब्रेड मिळतं. मसूरडाळही मिळते, कारण स्कॉटिश लोक तिचं सूप आवडीने करतात. ऑनलाइन मागवावं तर आयव्ही २७ हा पोस्टकोड टाकला की बऱ्याच कुरियरवाल्यांचा आकडा फुगतो, काही जण तर सरळ नाही म्हणतात.

त्यामुळे आमची मोठी खरेदी ऑक्टोबरात. पुढे ड्रमॉख्टरच्या घाटात बर्फ पडलं की रस्त्यावरची फाटकंच बंद करतात.

बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच आमच्याकडे आली ती अशाच एका ऑक्टोबरात, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. गप्प गप्प असायची, जेवणही चिमणीएवढं. मी वाणसामानाची यादी करायला बसलो तर तिने कागदच काढून घेतला. राजापूरजवळच्या आमच्या गावात मृगाआधी बेगमी करण्यात तिची चाळीस वर्षं गेलेली!

"किलो किलो काय लिहितोस? माणसं किती, दिवस किती, ते सांग आधी."

मग हिशेब सुरू. तिघांना रोज दीडशे ग्रॅम डाळ, पाच महिने, म्हणजे साडेबावीस किलो. एक दिवसाआड इथलीच मसूर, म्हणून तूर बारा किलो पुरे. नाचणी अख्खी घ्यायची. दाणा वर्षानुवर्षं टिकतो, पीठ खवट होतं. मोहरी, हिंग, हळद दुप्पट, कारण ते संपलं की डाळ असून नसल्यासारखीच. आणलेलं धान्य डब्यात भरण्याआधी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवायचं, किड्यांची अंडी मरतात. हे ज्ञान माझं. आईचा विश्वास कडुनिंबाच्या पाल्यावर, पण तो इथे कुठून आणणार?

जानेवारीत वादळात वीज गेली. गच्च भरलेला फ्रीझर न उघडता दोन दिवस तग धरतो, हे सांगितल्यावर आईने त्यावर कागदच चिकटवला : 'उघडू नये.' आमची शेगडी सिलिंडरची. शेजारच्या आजींची मात्र विजेवरची, आणि त्यांच्या छोट्या फ्रीझरमधले बांगडे दुसऱ्या दिवशी सुटायला लागले. ते घेऊन त्या आमच्या दारात!

आईने बॅगेतून कोकमं आणि तिरफळं काढली. आजींना मराठी येत नाही, आईचं इंग्रजी "येस, टेक" एवढंच. पण मेणबत्तीच्या उजेडात दोघींनी भात-कालवण चापलं. बाबा गेल्यापासून आईने दुसऱ्यांदा भात मागून घेतलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. (मी मुद्दाम काही बोललो नाही.) वीज तिसऱ्या दिवशी आली, तरी आजी जेवायला येतच राहिल्या.

एप्रिलमध्ये आई परत गेली. जाताना यादी नव्याने लिहून फ्रिजवर लावली. माणसं ४ लिहिलंय, त्यामुळे तूर पंधरा किलो झालीय. तिरफळं मात्र संपली, आणि ग्लासगोत मला ती अजून सापडलेली नाहीत.