तुटलेला ‘ज्ञ’

आमच्या खानापूर तालुक्यातल्या पावसाची ओळख सीमाभागातल्या वाचकांना करून द्यायला नको. 2012 सालच्या जूनमध्ये तो असाच लागला होता, आणि दहावी झालेली मुले दाखल्यासाठी कार्यालयाच्या दारात ओथंबून उभी होती. मी नुकताच मुख्याध्यापक झालो होतो. इतिहासाचा एम. ए.; संगणकाशी ओळख बेताचीच.

दाखल्यांचा संगणक होता मैदानापलीकडच्या खोलीत. व्हीएनसी नावाच्या सॉफ्टवेअरमुळे त्याचा पडदा कार्यालयातल्या जुन्या यंत्रावर दिसे. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत 1990 च्या दशकात निघालेली ही युक्ती. त्या दिवशी उघडले तर नुसता करडा पडदा आणि मधोमध एक फुली. वायर कुजली, असे मी म्हटलेसुद्धा. संगणकाचे सर म्हणाले, ‘‘वायर चांगली आहे, म्हणून तर करडा तरी दिसतोय. मेच्या सुटीत तिकडची डिस्क बदलली, तेव्हा खिडक्या मांडणारा प्रोग्राम सुरू करायचा राहिला.’’ तो सुरू केला. चित्र रखडत येत होते, म्हणून रंग 256 वर आणले. काम चालू झाले.

पहिलाच दाखला ज्ञानेश्वरचा. छापून आला तो ‘ज्‌ञानेश्‌वर’! आमचे क्लार्क बैलहोंगलकडचे, घरी कन्नड. वीस वर्षे मराठी शाळेत काढलेले. मी तडकलो. माझ्या टेबलावरच्या यंत्रात तेच नाव टाइप करून दाखवले. ते अगदी स्वच्छ उमटले. ‘‘बघा! यंत्राचा दोष नाही. मराठी येत नसेल तर तसे सांगा.’’ दारातली मुले, पालक, शिपाई, सगळे ऐकत होते. आपल्या भागात या वाक्याचे वजन किती, हे मी सांगायला हवे काय?

ते काही बोलले नाहीत. खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, ‘‘सर, इथे बसून तुम्हीच टाइप करा.’’

मी बसलो. ज, हलन्त, ञ. पडद्यावर ‘ज्‌ञ’. पुन्हा केले. पुन्हा तेच.

मग संगणकाच्या सरांनी समजावले. व्हीएनसीत अक्षरे येत नाहीत, अक्षरांचे चित्र येते. इथली कळ तिकडे जाते, अक्षर तिकडेच घडते आणि त्याचा फोटो इकडे येतो. इथल्या यंत्रात कितीही चांगला फॉन्ट असला तरी उपयोग शून्य. डिस्क बदलताना तिकडचा मराठी फॉन्ट गेला होता, आणि उरलेल्या फॉन्टात जोडाक्षरेच नव्हती. साठवलेले नाव मात्र अचूक होते. क्लार्कनी एक कळ चुकवली नव्हती. ‘लोहित’ फॉन्ट भरायला दहा मिनिटे लागली. तीच नोंद, काही न बदलता, ‘ज्ञानेश्वर’ अशी उभी राहिली.

मुले अजून दारातच होती. त्यांच्यासमोर बोललो होतो, तेव्हा त्यांच्यासमोरच म्हणालो, ‘‘तप्पायितु.’’ माझे कन्नड असे तुटकेच.

‘‘असू दे सर,’’ ते मराठीत म्हणाले, ‘‘सही तेवढी करा. त्या पोराची एसटी चुकेल.’’